चाकाचा बोअर घरी मोठा करता येईल का?

वाचकांचे प्रश्न, मिस्त्रींची उत्तरं

प्रश्न : मिस्त्री काका, नमस्कार. माझी होंडा सिटी आहे, 15 इंची चाकांची. मित्रानं जुनी स्विफ्ट विकताना तिची चार अलॉय मला जवळजवळ फुकटात दिली. चार नट, पीसीडी (नटांची छिद्रं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) 100, सगळं जुळतंय म्हणून रविवारी बसवायला घेतली, तर चाक हबवर (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्यावर) जाईना. मधला गोल अडतोय. मोजलं तर चाकाचा गोल 54 आणि हबचा 56. प्रश्न दोन मिलिमीटरचाच आहे. घरी ग्राइंडर आहे, कानस आहे, सुट्टीही आहे. शेजारचे म्हणतात अर्ध्या तासाचं काम. करू का?
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : तुम्ही चाक हबवर हातोडीनं ठोकून बसवलं नाहीत, आधी मोजलंत, याचा मला फार आनंद झाला. अशा वेळी नट आवळले की चाक आपोआप आत सरकेल, असं पुष्कळांना वाटतं. ते सरकत नाही. ते हबच्या कडेवर टेकून राहतं, नट घट्ट लागल्यासारखे वाटतात आणि शे-दोनशे किलोमीटरनंतर सैल होतात.

तुमचं माप बरोबर आहे. स्विफ्टच्या चाकाचा बोअर, म्हणजे मधलं छिद्र, 54.1 आणि सिटीच्या हबचा गोल 56.1. म्हणजे व्यासात दोन मिलिमीटर, प्रत्येक बाजूनं एक. एवढी धातू कमी झाल्यानं चाक कमजोर होत नाही. हिशेब सोपा आहे. पीसीडी 100, म्हणजे नटाच्या छिद्राचा मध्य चाकाच्या मध्यापासून 50 मिलिमीटरवर. छिद्र 14 चं धरलं तर त्याची आतली कड 43 वर येते. बोअरची कड आज 27 वर आहे, उद्या 28 वर येईल. मधे 16 मिलिमीटर धातू होती, ती 15 राहील. मात्र चाक उलटं करून मागची बाजू बघा. वजन वाचवायला काही चाकांत बोअरच्या भोवती, नटांच्या मधल्या जागी खोल खिसे ठेवलेले असतात. तिथं बोअरची भिंत चार-पाच मिलिमीटरचीच असू शकते. तसं असेल तर ही चाकं तशीच परत द्या.

तेव्हा ताकदीची काळजी नाही. काळजी आहे ती मधोमधची. छिद्र मोठं करणं कुणालाही जमतं, ते होतं त्याच मध्यावर ठेवणं अवघड, आणि ग्राइंडर हातात धरून ते होत नाही. माझ्या हातूनही झालं नाही, आणि तेव्हा मला लेथवर उभं राहून वीस वर्षं झाली होती.

2003 ची गोष्ट. मेहुण्याकडे ओपेल कॉर्सा होती, हबचा गोल 56.6. त्यानं 54.1 ची अलॉय आणली. लेथवर ऑइल इंजिनच्या हेडांचं काम लावलेलं होतं, ते उतरवायचा कंटाळा केला आणि डाय ग्राइंडर (हातात धरायचा बारीक ग्राइंडर) घेतला. थोडं घास, हबला लावून बघ, परत घास. दुपारपर्यंत चारही चाकं बसली. छान बसली असं वाटलं, कारण चाक हबवर जात होतं. बॅलन्सिंग केलं, मशीननं शून्य दाखवलं. संध्याकाळी कागलच्या पुढं निपाणीकडं निघालो आणि ऐंशीच्या वर काटा गेला की स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. पुढच्या आठवड्यात तीन ठिकाणी बॅलन्सिंग केलं. तिन्ही ठिकाणी शून्य, आणि रस्त्यावर तीच थरथर. शेवटी चाक लेथवर चढवून डायल (बारीकसा फरकही काट्यावर दाखवणारं माप) लावली. एका चाकाचा बोअर 0.4 मिलिमीटर एका बाजूला सरकला होता.

मशीनला ते का दिसलं नाही, हे समजून घ्या. बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक मधल्या छिद्रात शंकू घालून पकडतात. मशीनच्या दृष्टीनं छिद्राचा मध्य तोच चाकाचा मध्य. तो सरकलेला असेल तर मशीन इमानेइतबारे त्या चुकीच्या मध्याभोवती शिसं लावून देतं. गाडीवर मात्र, बोअर सैल झाल्यामुळं, चाक बोल्टांच्या (कॉर्साला नटांऐवजी बोल्ट असतात) निमुळत्या बैठकीवर मध्य धरतं, म्हणजे खऱ्या मध्यावर. मग मशीननं लावलेलं शिसंच उरावर बसतं. चाक-टायर मिळून 16 किलो धरा, 0.4 मिलिमीटरची चूक, तर रिमच्या कडेला साधारण 34 ग्रॅमचा फरक पडतो. ऐंशीच्या वेगाला चाक सेकंदाला बाराच्या आसपास फेऱ्या घेतं. त्या वेगाला ते 34 ग्रॅम पावणेचार किलोच्या धक्क्यासारखे लागतात, सेकंदाला बारा वेळा. मेहुण्याची ती चाकं मी भंगारात घातली आणि नवी घेऊन दिली. तेव्हापासून चाकाच्या बोअरला हातातलं ग्राइंडर लावायचं नाही, हा माझा नेम आहे.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही कोल्हापुरात राहता. उद्यमनगरात एका हाकेवर लेथ आहे, शिरोलीला आणि गोकुळ शिरगावला व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी कटाईची यंत्रं) आहेत. सुट्टी वाया घालवू नका, ती मोजण्यात घालवा. मोजणं हे घरी करायचं काम आहे आणि तेच नीट व्हायला हवं, कारण टर्नर तुम्ही सांगाल त्या मापाला कट मारणार.

गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा. हबच्या गोलावरचा गंज तारेच्या ब्रशनं आणि बारीक पॉलिश पेपरनं साफ करा. आपल्याकडच्या पावसात तिथं गंजाचा थर चढतोच आणि तो मापात 0.1 ते 0.2 सहज वाढवतो. मग व्हर्निअरनं तीन दिशांनी मोजा, चारही हब मोजा. मागच्या हबवर ग्रीसची टोपी असते, ती किती उंच येते आणि चाकाच्या आतल्या पायरीला लागते का, तेही बघा. पुढं बसलेलं चाक मागं टोपीला अडलं, असं होतं. चाकाचा बोअर मोजताना व्हर्निअरचे आतले जबडे थोडं कमी माप दाखवतात, कारण त्यांच्या टोकाला सपाटी असते आणि ती गोलात पुरती टेकत नाही. म्हणून शेवटचं माप टर्नरकडच्या बोअर गेजवर सोडा.

टर्नरला म्हणायचं ते एवढंच : हबच्या मोजलेल्या मापावर 50 मायक्रॉन, म्हणजे 0.05 मिलिमीटर, जास्त. शंभर मायक्रॉन झाले तरी चालेल, त्याच्या वर नको. चाक हातानं हबवर सरकलं पाहिजे, पण हललं नाही पाहिजे. तोंडाला 45 अंशाचा छोटा चँफर, म्हणजे तिरपी कड, मारायला सांगा, नाहीतर हबच्या मुळाशी जी गोलाई असते तिथं चाक अडतं आणि पॅड (चाकाची हबला टेकणारी मागची सपाट बाजू) टेकत नाही. आणि बोअर आरपार उघडू नका. हबचा गोल जेवढा बाहेर येतो, तेवढी खोली आणि वर दोन मिलिमीटर, बस. पुढचा भाग मूळ मापाचा राहिला तर मधली कॅप नीट बसते, नाहीतर पहिल्या खड्ड्यात उडून जाते.

टायर उतरवून चाक न्या. 15 इंची चाकाच्या रिमची बाहेरची कड साधारण साडेसोळा इंच भरते, आणि आठ इंच सेंटरच्या लेथवर सोळाच इंच फिरतात. म्हणून गॅप बेडचा लेथ (मोठं काम फिरावं म्हणून बेडला खाच असलेला) लागतो, तो कुणाकडे आहे ते आधी विचारा. चांगला टर्नर चाक फेसप्लेटवर (लेथच्या फिरत्या चकतीवर) पुढची बाजू आत करून बांधतो, जुन्या बोअरमधे डायल घालतो आणि काटा 20 मायक्रॉनच्या आत येईपर्यंत ठोकून-ठोकून जागेवर आणतो. मग डायल मागच्या पॅडवर लावून तेही सरळ फिरतंय का बघतो. या डायल लावण्यात अर्धा तास जातो, कट मारायला पाच मिनिटं. कुणी डायल न लावता अंदाजानं चाक बांधत असेल तर तिथून चाक उचला, पैसे दिले असतील तरी उचला. कट पाव मिलिमीटरचे, शेवटचा 0.1 चा, टूल धारदार आणि रॉकेलची धार. रॉकेल नसेल तर अॅल्युमिनियम टूलला चिकटतं आणि आतून खरवडल्यासारखं दिसतं.

आपण ओतकामाच्या भट्ट्यांच्या गावचे, म्हणून एक गोष्ट सांगतो जी इतरांना सुचणार नाही. कट मारल्यावर आतला चकचकीत पृष्ठभाग उजेडात फिरवून बघा. अलॉय चाक म्हणजे शेवटी कास्टिंगच, सात टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असलेल्या अॅल्युमिनियमचं. एखाद-दुसरं टाचणीच्या टोकाएवढं पिनहोल चालतं. पण एकाच जागी पाच-सहा दिसले किंवा नख अडकेल असा ब्लो होल निघाला, तर ते चाक वापरू नका. कट मारल्यामुळं दोष आलेला नसतो, तो आतच होता, तुम्हाला आता दिसला इतकंच.

बोअर झाला तरी काम अर्धंच झालंय, आणि उरलेलं अर्धं लोक विसरतात. सिटीच्या कंपनीच्या चाकाची नटबैठक गोलाकार असते, चेंडू बसावा तशी, आणि नटही त्याच आकाराचे. स्विफ्टच्या चाकाची बैठक 60 अंशाच्या शंकूची. सिटीचे नट त्यात एका बारीक रेषेवर टेकतात. घट्ट वाटतात, पण ती रेष चेपली की ढिले होतात. स्विफ्टचे नट घ्यावेत म्हणाल तर त्यांचा आटा 12 × 1.25, सिटीच्या स्टडचा (हबमधून बाहेर येणाऱ्या, नट चढवायच्या दांड्याचा) 12 × 1.5. दोन आटे चढेल आणि मग स्टड खराब होईल. तुम्हाला 12 × 1.5 आट्याचे, शंकूच्या तोंडाचे नट विकत घ्यायचे आहेत, सोळा. बसवण्याआधी एका बैठकीत मार्कर पेननं रंग फासा, नट आवळा, काढून बघा. रंग सगळ्या पट्टीवर घासला गेला असेल तर बैठक जुळली. एकाच बारीक वर्तुळावर घासला असेल तर नट चुकीचा.

चाक हवेत असताना नट हातानं फिरवून, समोरासमोरच्या क्रमानं, आणि शेवटचा आवळ चाक जमिनीला टेकवून. सिटीला 108 न्यूटन-मीटर, म्हणजे टॉर्क पान्यावर सुमारे 11 किलो-मीटर. एवढ्या आवळीला एक स्टड साधारण साडेचार टनांनी चाक हबवर दाबून धरतो, चारही मिळून अठरा टन. गाडीचा भार या दाबाच्या घर्षणावर असतो, मधल्या गोलावर नसतो. गोलाचं काम मध्य धरण्याचं. म्हणूनच पॅडवर रंगाचा पोपडा, लेथचा बुरादा किंवा मातीचा खडा राहता कामा नये. तो चिरडला की दाब जातो. शंभर किलोमीटरनंतर परत टॉर्क पाना लावा. टायरचं मापही बघा : स्विफ्टच्या 185/65 पेक्षा तुमचं जुनं 175/65 ठेवलंत तर स्पीडोमीटर बरोबर राहील. चाकाच्या मागं कोरलेला ईटीचा आकडा (चाकाचा पॅड रिमच्या मधल्या रेषेपासून किती मिलिमीटरवर आहे ते) तुमच्या जुन्या चाकाशी ताडून घ्या. चार-पाचचा फरक चालतो.

एवढं वाचूनही ज्याला घरीच करायचं आहे, असा एक वाचक असतोच, आणि त्यानं चोरून ग्राइंडर लावण्यापेक्षा मी रस्ता सांगितलेला बरा. सुताराकडं छोटा राउटर असतो, ट्रिमर म्हणतात. त्याला खाली बेअरिंग असलेलं कार्बाइडचं खाचेचं कटर लागतं. कटर बेअरिंगपेक्षा व्यासानं दोन मिलिमीटर मोठं. बेअरिंग आतल्या न कापलेल्या बोअरवर फिरतं, कटर वरचा भाग कापतं, म्हणजे जुना बोअरच नव्याचा वाटाड्या होतो. मी एका भंगार चाकावर करून पाहिलं, डायलवर 40 मायक्रॉनची चूक आली. हातानं केलेल्या कामाला हे फार चांगलं आहे. अटी तीन : ट्रिमरची पाटी पॅडवर सपाट बसली पाहिजे, खोली एका वेळी एका मिलिमीटरहून जास्त वाढवायची नाही, आणि चष्मा-मास्कशिवाय यंत्र चालू करायचं नाही, कारण गरम बुरादा थेट तोंडावर येतो. चाक हाताला चटका देईल इतकं तापवू नका. ही चाकं ओतल्यावर उष्णतेनं पक्की केलेली असतात, गॅसची ज्योत लावली की ती ताकद जाते.

कानशीनं करू का, असंही तुम्ही विचारलंय. कानस अॅल्युमिनियमला चोंदते, तिला खडू फासला की कमी चोंदते. चँफरची बोचरी कड मारायला ती वापरा. बोअरला नको.

प्रश्न : माझ्या स्विफ्टला बाजारातली अलॉय आहेत, बोअर 73.1. दुकानदारानं प्लॅस्टिकच्या रिंगा दिल्या होत्या. रत्नागिरीहून अंबा घाट चढून आल्यावर चाक काढलं तर पुढची एक रिंग वाकडी होऊन हबला चिकटलेली. धोका आहे का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : लगेचचा धोका नाही, कारण रिंग भार उचलत नाही, फक्त चाक आवळताना मध्य दाखवते. पण वाकडी रिंग मध्य खोटा दाखवेल, म्हणून ती परत घालू नका. घाटात उतरताना-वळताना ब्रेक तापतात, ती उष्णता डिस्कमधून हबवर येते आणि हलकं प्लॅस्टिक तिथं टिकत नाही. अॅल्युमिनियमच्या रिंगा करून घ्या : बाहेरून 73.1 ला हलक्या हातानं बसेल अशी, आतून तुमच्या हबचं मोजलेलं माप अधिक 50 मायक्रॉन. भिंत साडेनऊ मिलिमीटरची येते, म्हणजे भरपूर. दोन गोष्टी टर्नरला बजावा. रिंगेला कॉलर असेल तर ती चाकाच्या चँफरमधे पूर्ण बुडाली पाहिजे. चाक आणि हबच्या मधे कागदाएवढीही आली तर चाक टेकणार नाही. आणि आतल्या कडेला चँफर हवा. बसवताना हबच्या गोलावर ग्रीसचं नुसतं बोट फिरवा, पॅडवर अजिबात नको. लोखंड आणि अॅल्युमिनियम पावसाच्या पाण्यात एकमेकांना धरतात, मग चाक काढताना लाथा माराव्या लागतात.

प्रश्न : लोखंडी डिस्कच्या चाकाचा मधला गोल तीन मिलिमीटर कमी पडतोय. गावातला वेल्डर गॅस कटरनं उघडून देतो म्हणतो. देऊ का?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : देऊ नका. लोखंडी चाकाची डिस्क पत्र्याची असते, ज्योत लागली की ती वाकते, आणि वाकते ती नेमकी नटांच्या बैठकीजवळ. शिवाय अनेक डिस्कच्या मधल्या गोलाला आत वळवलेली ओठासारखी कड असते, तिच्यामुळंच तो पत्रा ताठ राहतो. ती कापली की गेली. तुमच्या गाडीच्या मापाची जुनी लोखंडी चाकं भंगार बाजारात मिळतात. तीच घ्या, वाकलेली नाहीत ना हे बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवून बघा, आणि तुमची चाकं ज्या गाडीची आहेत त्या गाडीवाल्याला विका.